हा नकाशा कुठल्या महिन्याचा? सागरी प्रवाहांच्या डिजिटायझेशनचं एक प्रकरण

लाल पट्टा जावा बेटावरून आरपार गेला, तेव्हा पहिली शंका आली.

काम सोपं वाटलं होतं. एका विज्ञान केंद्राला सागरी प्रवाहांचा मराठी भिंतनकाशा हवा होता, आठ फूट बाय पाच फूट. शेजारी एक टचस्क्रीन: मुलांनी प्रवाहावर बोट ठेवलं की नाव, वेग, पाणी उष्ण की थंड, हे समोर यावं. पुण्यात आमचं दोघांचं छोटं ऑफिस आहे. मी नकाशे काढतो, माझी सहकारी डेटा आणि कोड बघते. आजवरची कामं सगळी कोरड्या जमिनीवरची: गटांच्या हद्दी, पाणलोट, नळयोजनांच्या लाइनी. समुद्राला हात पहिल्यांदाच लावत होतो. केंद्राने नमुना म्हणून एक प्रसिद्ध चित्र पाठवलं. जगाच्या नकाशावर वळसे घेत जाणारी एक अखंड फीत; लाल भाग म्हणजे वरचं उबदार पाणी, निळा भाग म्हणजे खोलातलं थंड पाणी. सोबत निरोप: "हेच फक्त मराठीत आणि मोठं." आम्ही तीन आठवडे सांगितले.

सात महिने लागले. ते कुठे गेले याची ही नोंद. बरेचसे एका प्रश्नात गेले. तो आम्हाला सुरुवातीलाच सुचायला हवा होता, पण विचारला दुसऱ्याच माणसाने.

चित्र जागेवर बसवताना

कागदावरचं चित्र संगणकाच्या नकाशात आणायचं तर आधी त्याला पृथ्वीवर जागा द्यावी लागते. चित्रात ओळखू येणारे बिंदू निवडायचे (केप हॉर्न, कन्याकुमारी, जिब्राल्टर), त्यांचे अक्षांश-रेखांश भरायचे आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरला सांगायचं की बाकीचं चित्र या हिशेबाने ताण. जुन्या गावनकाशांवर हे आम्ही शेकडो वेळा केलंय. इथे बिंदू जुळेचनात. मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत) धरलं की ग्रीनलँड बसेना, रॉबिन्सन धरलं की आफ्रिका सरके. शेवटी लक्षात आलं, चित्राला ठरावीक प्रक्षेपणच नाही. खंडांचे आकार चित्रकाराने हाताने, अंदाजाने काढलेत. मग अठरा बिंदू देऊन चित्र रबरासारखं ताणलं. खंड जागेवर आले आणि फीत जावावर चढली.

अशा वेळी नकाशेवाला जे करतो तेच मी करायला निघालो: रेघ थोडी पूर्वेला घ्यायची. प्रशांत महासागराचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात उतरतं हे खरंच आहे. मकासरच्या सामुद्रधुनीतून खाली येतं आणि लोंबोक, ओंबाई, तिमोर अशा फटींमधून बाहेर पडतं. रेघ त्या फटींतून ओवली की झालं. सहकारीने विचारलं, "ओवशील, पण आधार कशाचा घेणार? चित्राचा की समुद्राचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने पिक्सेल मोजले. चित्र १५०० पिक्सेल रुंद, विषुववृत्त ४०,००० किलोमीटर. म्हणजे एक पिक्सेल सुमारे २७ किलोमीटरचा. फीत २५ पिक्सेल जाड, म्हणजे जवळपास ६७० किलोमीटर. गल्फ स्ट्रीमची खरी रुंदी शंभर किलोमीटरच्या आसपास, चार पिक्सेल. लोंबोकची सामुद्रधुनी एक-दीड पिक्सेलात मावली असती.

डिजिटायझेशनमधली मेख इथे आहे. फितीच्या मधोमध मी माउसने टिचक्या मारत गेलो असतो, तर प्रत्येक बिंदूला सहा दशांश स्थळांपर्यंत अक्षांश-रेखांश मिळाले असते. सहा दशांश स्थळं म्हणजे अकरा सेंटिमीटरची अचूकता! एका मासिकाच्या चित्रकाराचा हात फिरला तसा फिरला, आणि आम्ही तो वितीत मोजून फाइलमध्ये साठवणार होतो. पुढे ती फाइल कुणी उतरवून घेतली असती, तर त्याला हे कळायला काही मार्गच नव्हता.

फीत आली कुठून

मग चित्राची वंशावळ काढली. ही फीत पहिल्यांदा १९८७ साली एका अमेरिकन मासिकात छापली गेली. लेख कोलंबिया विद्यापीठातल्या वॉलेस ब्रोकर यांचा होता. हिमयुग ओसरत असताना उत्तर अटलांटिकभोवतीचा मुलूख अचानक पुन्हा गारठला, तो का, हा विषय. मांडणी थोडक्यात अशी: उत्तर अटलांटिकमधलं खारट पाणी थंड झालं की जड होऊन बुडतं, खोलातून दक्षिणेला निघतं, आणि त्याची जागा भरायला वरून उबदार पाणी उत्तरेला येतं. ही उलाढाल बंद पडली तर तिकडची ऊबही बंद. वाचकाला हे एका नजरेत कळावं एवढाच चित्राचा हेतू होता. पुढे ते पाठ्यपुस्तकांत, संग्रहालयांत, माहितीपटांत गेलं आणि लोक त्याला नकाशा समजू लागले. ब्रोकर समजत नव्हते. १९९१ च्या लेखात त्यांनी त्या चित्राला 'लोगो' असंच म्हटलंय.

लोगोत काय गडबड आहे ते बघताना आम्ही बरेच दिवस अडकलो, कारण ते वाचायला फारच मजेदार निघालं. फितीचा निळा भाग लॅब्राडोरपासून अमेरिकेच्या किनाऱ्याला चिकटून दक्षिणेला जातो. असा खोल प्रवाह तिथे असलाच पाहिजे, हे समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी आधी कागदावर गणिताने मांडलं. १९५७ साली जॉन स्वॉलो यांनी ठरावीक खोलीवर तरंगणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या पाण्यात सोडल्या. त्या टिकटिक आवाज काढायच्या आणि जहाज त्यांचा माग काढायचं. गल्फ स्ट्रीम वर ईशान्येला धावत असताना तिच्या खालचं पाणी खरोखरच दक्षिणेला जाताना सापडलं. आधी गणित, मग पाणी, असं क्वचितच घडतं.

पण म्हणून सगळं खोल पाणी त्याच वाटेने जातं असं नाही. २००३ पासून एमी बोअर आणि सुझन लोझियर यांच्या गटाने लॅब्राडोर प्रवाहात ७०० आणि १५०० मीटर खोलीवर राफोस तरंडे, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारी उपकरणं, सोडले. (जुने सोफार तरंडे आवाज करायचे, हे ऐकतात, म्हणून इंग्रजी अक्षरं उलटी करून नाव ठेवलं. शास्त्रज्ञांनाही कोट्या सुचतात.) २००९ मध्ये निकाल आला. किनाऱ्याची वाट शेवटपर्यंत धरून राहिले ते जेमतेम आठ टक्के तरंडे. बाकीचे बहुतेक न्यूफाउंडलंडच्या ग्रँड बँक्सचं टोक ओलांडताना फुटून आत, मोकळ्या समुद्रात शिरले. फितीची निळी रेघ म्हणजे शंभरातल्या आठांनी धरलेली वाट.

मग चित्र खोटंच म्हणायचं का? तसंही नाही. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर बहामापासून आफ्रिकेपर्यंत एप्रिल २००४ पासून समुद्रात उपकरणांच्या दोऱ्या उभ्या आहेत. उत्तरेला किती पाणी गेलं आणि खोलातून किती परत आलं, याचा हिशेब त्या ठेवतात. उलाढाल सरासरी १७ स्वेर्द्रुपच्या आसपास निघते. म्हणजे जमाखर्च बरोबर आहे, पत्ता चुकलाय.

स्वेर्द्रुप हे एकक भिंतीवर कसं समजवायचं यावर आमचं एक दुपारभर डोकं चाललं. एक स्वेर्द्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. पोरांना दहा लाख घनमीटर म्हणून काय कळणार? मग कोयना घेतलं. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे एका स्वेर्द्रुपाने रिकामं कोयना पन्नास मिनिटांत भरेल. फ्लोरिडाजवळची गल्फ स्ट्रीम सुमारे ३२ स्वेर्द्रुपची. तिला दीड मिनिट पुरे. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक पॅसेजमधून परिध्रुवीय प्रवाह जातो, अलीकडच्या मोजणीनुसार १७३ स्वेर्द्रुप. तो कोयना सतरा सेकंदांत भरेल. ही चौकट नकाशावर सगळ्यात जास्त वाचली जाते असं केंद्राचे लोक सांगतात. आणि नमुन्याच्या चित्रात हा सगळ्यात दांडगा प्रवाह फितीच्या एका वळणात दडपलेला होता! शिवाय फितीत खोल पाणी उत्तर प्रशांत आणि हिंदी महासागरात वर येतं. आजच्या समजुतीप्रमाणे त्यातला मोठा वाटा अंटार्क्टिकाभोवती, पश्चिमी वाऱ्यांच्या ओढीने वर येतो.

फीत बाजूला, मोजमापं पुढे

फीत टाकून द्यायची आणि निदान वरच्या थराचे प्रवाह मोजमापांवरून काढायचे, असं ठरलं. केंद्राला हे लगेच सांगितलं नाही, हे कबूल करतो.

पृष्ठभागावरचे प्रवाह मोजायची जुनी पद्धत फार साधी आहे. काल दुपारी जहाज इथे होतं. वेग आणि दिशा धरून आज दुपारी तिथे असायला हवं. सूर्य-तारे बघितले तर भलतीकडेच निघालं. हा जो फरक, तो पाण्याने केला. जेम्स रेनेल यांनी याच फरकांवर आयुष्याचा उत्तरार्ध घालवला. हे आपल्याकडे माहीत आहेत ते बंगालचे पहिले सर्व्हेअर जनरल म्हणून. १७७७ मध्ये भारत सोडून परत जाताना आफ्रिकेच्या टोकाशी त्यांचा अगुल्हास प्रवाहाशी परिचय झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्याचा नकाशा काढला. अटलांटिकच्या प्रवाहांवरचं त्यांचं मोठं काम मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापलं गेलं. पुढे अमेरिकन नौदलाच्या मॅथ्यू माउरी यांनी १८४७ पासून हाच धंदा घाऊक केला. कॅप्टनने लॉगबुकातल्या नोंदी पाठवायच्या, बदल्यात वारे-प्रवाहांचा नकाशा फुकट न्यायचा. नोंदी सगळ्या देशांनी एकाच नमुन्यात ठेवाव्यात म्हणून १८५३ साली ब्रुसेल्सला परिषद भरली. डेटा एकसारखा असावा ही कटकट संगणकाने आणली असं मला उगाच वाटत होतं.

आज तेच काम तरंडे करतात. पृष्ठभागावर फुटबॉलपेक्षा थोडा मोठा गोळा, त्याच्याखाली १५ मीटर खोलीवर लोंबणारी, भोकं पाडलेली कापडी नळी. नळीमुळे तो वाऱ्याने न ढकलला जाता पाण्याबरोबर जातो, आणि जागा उपग्रहाला कळवत राहतो. असे साडेबाराशेच्या आसपास तरंडे जगभर असावेत हे उद्दिष्ट २००५ मध्ये गाठलं गेलं, तेव्हापासून संख्या साधारण तेवढी राखली जाते. डेटा सगळ्यांना खुला. आम्ही तो उतरवला आणि आठवड्याभरात पहिला खड्डा लागला: ती कापडी नळी तुटते. तुटली की गोळा वाऱ्याचा गुलाम. २००० नंतरच्या दशकात बऱ्याच तरंड्यांची नळी तुटल्याचं वेळेवर ओळखलंच गेलं नव्हतं. त्यामुळे प्रवाहांचा वेग वाढतोय असा चक्क भास झाला होता. २०११ मध्ये ती चूक उघड झाली आणि मग नोंदी पुन्हा तपासून नळी कधी गेली ती तारीख प्रत्येक तरंड्यापुढे घातली गेली. आम्ही त्या तारखेनंतरचं सगळं गाळलं. नकाशा बराच विरळ झाला, विशेषतः आपल्या बाजूला.

उरलेल्या नोंदींची चौकोनाचौकोनाने सरासरी काढली आणि बाण जोडत रेघा ओढल्या. इथे काही विनोदही झाले. कुरोशिओचा पुढचा भाग १८० रेखांश ओलांडताना संगणकाने +१८० वरून -१८० वर जायला जवळचा रस्ता न घेता उलटा घेतला. जपानच्या पूर्वेला निघालेला प्रवाह चीन, तुर्कस्तान, स्पेन आणि अख्खी अमेरिका ओलांडून पलीकडे पोचला. रेघ तिथे कापून दोन तुकडे करणं हा साधा उपाय. रेघा गुळगुळीत करायची आज्ञा दिली तर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हंबोल्ट प्रवाह तीन ठिकाणी अँडीज चढला. तेही हाताने उतरवलं.

जे हाताने उतरेना ते वेगळं होतं. रेघेला सुरुवात लागते आणि शेवट लागतो. पहिली टिचकी कुठेतरी मारावीच लागते. नदीला उगम असतो, नळाला टाकी असते. अगुल्हास प्रवाह कुठे सुरू होतो? मोझांबिकच्या खाडीतून भोवरे येतात, मादागास्करच्या दक्षिणेकडून पाणी येतं, ते हळूहळू एकवटतं. संपतो कुठे? आफ्रिकेच्या टोकापलीकडे जाऊन तो चक्क मागे वळतो, आणि त्या वळणावर पाण्याची मोठी वर्तुळं तुटून अटलांटिकमध्ये सरकत जातात. हिंदी महासागराचं उबदार, खारट पाणी अटलांटिकला मिळतं ते बरंचसं असं, हप्त्याहप्त्याने. सरासरीच्या नकाशात मात्र तिथे एक सुबक बाण उमटतो, जणू रस्ताच आहे. त्या बाणाच्या वाटेने शेवटपर्यंत गेलेला एकही तरंडा आम्हाला आमच्या डेटात दिसला नाही. शेवटी रेघ वळणापर्यंतच नेली आणि पुढे फक्त विरत जाणारी वर्तुळं काढली. भिंतनकाशातला तो कोपरा मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

कॅप्टन काका

चौथ्या महिन्यात कच्ची प्रत छापली आणि सहकारीच्या काकांना दाखवायला नेली. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, आयुष्य जहाजांवर गेलेलं. सगळे त्यांना कॅप्टन काकाच म्हणतात. चष्मा कपाळावर चढवून ते नकाशावर वाकले. अटलांटिक भराभर बघितला, मान डोलावली. मग बोट श्रीलंकेच्या खाली आणून थांबले.

"हा नकाशा कुठल्या महिन्याचा?"

"वर्षाचा आहे, काका. सरासरी."

"वर्षाच्या सरासरीवर जहाज चालवतं का कुणी?" ते म्हणाले. "आमच्याकडे महिन्याला एक असे बारा चार्ट असायचे. तुम्ही इथे जवळजवळ काहीच दाखवलं नाहीत. जुलैत इथून जाऊन बघा."

आतून त्यांनी एक जुना पायलट चार्ट, म्हणजे जहाजांसाठीचा वारे-प्रवाहांचा नकाशा, आणला. त्याच्यावर माउरींच्या संशोधनाचा आधार घेतल्याचं ठसठशीत छापलेलं होतं.

श्रीलंकेच्या दक्षिणेला मे ते सप्टेंबर पाणी पूर्वेला जातं, अरबी समुद्राकडून बंगालच्या उपसागराकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तेच पाणी पश्चिमेला. दोन्ही वेळा साधारण दहा स्वेर्द्रुपच्या घरात. आम्ही दोन्हींची बेरीज करून बाराने भागलं होतं आणि हाती जवळपास शून्य आलं होतं. दिवसभर दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या हमरस्त्यावर येणारी-जाणारी वाहनं एकमेकांतून वजा करावीत आणि रस्ता ओसाड आहे असं लिहावं, तसली ही करामत. सोमालियाच्या किनाऱ्यावरही तेच. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये तो प्रवाह उत्तरेला इतका पिसाट धावतो की सहा-सात नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेग मोजला गेलाय. हिवाळ्यात तो दक्षिणेला वळतो. आमच्या नकाशावर तिथे एक मवाळ, उत्तरेकडे जाणारा बाण होता. तो जानेवारीत खोटा आणि जुलैत हास्यास्पद.

याला कारण भूगोल. अटलांटिक आणि प्रशांत उत्तरेकडे लांबवर पसरलेत, हिंदी महासागर पंचविसाव्या अक्षांशाच्या आसपास आशियाच्या भिंतीला टेकतो. त्या भिंतीमुळे वारे वर्षातून दोनदा फिरतात आणि वाऱ्यामागून पाणी फिरतं. आपण कोकणातली माणसं उधाण आणि भांग तिथीवर सांगतो, मान्सूनची तर वाटच बघतो. आणि जगाचा नकाशा काढायला बसल्यावर आपल्याच दारातला समुद्र वर्षभर एका दिशेने वाहतो असं धरून चाललो. शाळेतल्या नकाशाची सवय असणार.

मग उत्तर हिंदी महासागर पहिल्यापासून काढला. डी. शंकर, विनयचंद्रन आणि उन्नीकृष्णन यांनी २००२ मध्ये मान्सून प्रवाहांचा जो सविस्तर आढावा घेतला, तो आमचा मुख्य आधार झाला. शंकर दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले. ती संस्थाच मुळात साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ मध्ये जन्माला आली. त्या आढाव्यातली एक गोष्ट आम्हा दोघांना पचायला वेळ लागला. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी केरळकडून कोकणाकडे, म्हणजे उत्तरेला वाहतं, आणि वारा तर उत्तरेकडून येत असतो. पाणी वाऱ्याच्या तोंडावर कसं जातं? तर त्याला ढकलणारा वारा इथला नाहीच. बंगालच्या उपसागरात वाऱ्याने केलेली उलथापालथ किनारा उजव्या हाताला धरून चालणाऱ्या लाटांच्या रूपाने पूर्व किनाऱ्याने खाली येते, श्रीलंकेला वळसा घालते आणि आपल्या किनाऱ्याने वर चढते. त्याच सुमाराला उपसागरातलं कमी खारट पाणीही या बाजूला येऊन पोचतं. गंगा-ब्रह्मपुत्रेची देणगी अरबी समुद्राला. हा बाण काढताना माझा हात थोडा थबकला होता, हेही सांगून टाकतो.

रेघेपाठचे रकाने

काकांच्या प्रश्नाने बाकीच्या जगाकडेही पुन्हा बघायला लावलं. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक रेघेमागे तीन रकाने होते: नाव, उष्ण की शीत, वेग. आता सात झाले. कुठल्या महिन्यापासून, कुठल्या महिन्यापर्यंत, किती खोलीवर, आणि कशावरून काढली: तरंड्यांवरून, खोल उपकरणांवरून, की दुसऱ्याच्या आकृतीवरून. शेवटचा रकाना भरताना खरी लाज वाटली. खोल पाण्याच्या अकरा रेघांपैकी नऊ रेघांपुढे 'आकृतीवरून' असंच लिहावं लागलं.

त्या ठिपक्यांच्या काढल्या. मोजमापं भरपूर आहेत त्या सलग, मोजमापं आहेत पण वाट फाटते त्या तुटक. ड्रेक पॅसेजची रेघ सलग, फ्लोरिडाची सलग, लोंबोक-तिमोरची सलग आणि आता जावाला न शिवणारी. प्रशांतच्या तळातून उत्तरेला जाणारी ठिपक्यांची.

नावांनी स्वतंत्र पंधरवडा खाल्ला. शाळेच्या पुस्तकात आहेत ती नावं तशीच ठेवली, मुलांना दोन-दोन नावं कशाला. अडलं ते 'कन्व्हेयर बेल्ट'पाशी. सहकारीला 'सरकता पट्टा' आवडत होतं. मला त्यात चाकणचा कारखाना दिसत होता: एका टोकाला माल ठेवला की दुसऱ्या टोकाला तोच बाहेर. समुद्रात तसं होत नाही, वाटेत सगळं मिसळतं. आम्ही 'खोल-उथळ उलाढाल' लिहिलं. केंद्रातल्या एका बाईंनी ते वाचून "शेअर बाजारासारखं वाटतं" म्हटलं. वाटतं खरं. ठेवलं.

केंद्राशी बैठक अवघड झाली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: लोकांना ती फीत ओळखीची आहे, भिंतीवर ती नसेल तर पाहुणे विचारतील, आणि दहा वर्षांच्या मुलाला ठिपक्यांची रेघ म्हणजे काय ते कोण समजावणार? शिवाय मुदत उलटून गेली होती. शेवटी तोडगा निघाला तो असा. फीत राहिली, पण खालच्या कोपऱ्यात, वीतभर चौकटीत, '१९८७ मधली मांडणी' अशा मथळ्याखाली. उत्तर हिंदी महासागराला दोन मोठी चित्रं मिळाली, जुलै आणि जानेवारी, शेजारी शेजारी. टचस्क्रीनवर बारा महिन्यांची पट्टी आली. ठिपक्यांच्या रेघांवर बोट ठेवलं की "ही वाट अजून नीट मोजलेली नाही" असं येतं. जादा सहा महिन्यांचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

बसवायच्या दिवशी कॅप्टन काका आले होते. त्यांनी मुलांना बाजूला सारून पट्टीवर बोट ठेवलं आणि महिने पुढे ढकलू लागले. सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या शेवटाकडे श्रीलंकेखालचा पूर्वेचा बाण विरला होता, पश्चिमेचा अजून यायचा होता. तेवढ्यात खाली, अगदी विषुववृत्तावर, आफ्रिकेपासून सुमात्राकडे एक अरुंद, जाड बाण उमटला.

"हा काय?"

हा वायर्टकीचा प्रवाह. दोन मान्सूनच्या मधल्या सांध्यात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेवढाच असतो. क्लाउस वायर्टकी यांनी तो १९७३ साली जगासमोर आणला, आणि तोही जहाजांच्या नोंदींमधल्या फरकांवरूनच. वेग सेकंदाला मीटरभर. वार्षिक सरासरीत आम्ही त्यालाही बारीक करून टाकलं होतं.

काका थोडा वेळ गप्प होते. "मोंबासाहून सिंगापूरला जाताना कधीकधी दीड-दोन नॉट फुकट मिळायचे," ते म्हणाले. "का ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही लिहून ठेवायचो." त्यांनी पट्टी जानेवारीवर नेली. बाण गेला. मग परत नोव्हेंबरवर आणली आणि स्क्रीनच्या अगदी जवळ वाकून बघितलं.

"तुमचं झांझिबार मुख्य जमिनीवर पडलंय," ते म्हणाले. "बेट आहे ते."